वाजवून दाखवा

"हा फोटो नीट बघा आणि कोर्टाला सांगा, पुढच्या रांगेत मधोमध उभा आहे तो कोण?"

सरकारी वकील बर्गे यांनी फोटो माझ्या हातात दिला. कुणाच्या तरी लग्नाच्या सीडीवरून काढलेला होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. आपला फोटो चांगला आला की माणसाला बरं वाटतं. मला त्या दिवशी वाटलं नाही.

"मीच हाय सायेब."

"तोंडात काय आहे?"

"क्लारनेट."

"खाली तारीख आहे, ती वाचा." मी वाचली. "म्हणजे तुम्ही सरकारवर दावा लावलात, त्यानंतरचा फोटो. आणि दाव्यात तुम्ही म्हणता की पोलिसांच्या मारहाणीमुळे तुम्हाला जन्मात पुन्हा क्लॅरिनेट वाजवता येणार नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग इथं काय करताय? क्लॅरिनेटनं दात कोरताय?"

कोर्टात हसू फुटलं. बर्गे वकील वाईट माणूस नव्हता. नेमका शब्द टाकायची त्याला हौस होती, एवढंच. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच विचारलं असतं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उत्तर द्या."

उत्तर माझ्याकडे होतं. सोपं होतं, एका वाक्याचं होतं. पण ते माझ्या एकट्याच्या मालकीचं नव्हतं. मी खाली मान घालून उभा राहिलो. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि साहेब उठता उठता म्हणाले, "जेवण झाल्यावर तरी आठवतंय का बघा."

माझ्या वकील रेहाना मुजावर व्हरांड्यात उभ्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. "दिगंबरराव, तुमची उलटतपासणी अर्धी राहिलीय. आता मला तुमच्याशी एक शब्दही बोलता येत नाही. पण असला फोटो असू शकतो हे माहीत असून तुम्ही मला सांगितलं नसेल, तर कमाल आहे तुमची." एक शब्दही बोलता येत नाही म्हणता म्हणता एवढं बोलून त्या निघून गेल्या.

आवारातल्या चहाच्या गाड्यामागे तायाप्पामास्तर बसले होते. मास्तर म्हणजे आमच्या बँडचे मालक आणि नात्यानं माझे मामा. माझ्यानंतर त्यांचीच साक्ष होती, कारण मला मारलं तेव्हा ते माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. फोटोचं त्यांच्या कानावर गेलं होतं. पुढ्यातलं भाकरीचं फडकं त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

"शिडी कुठनं घावली त्येस्नी?"

"कुठनं का घावंना. हाय ती हाय."

आता माझं उत्तर काय होतं ते सांगतो, कारण बँडबाहेरच्या माणसाला ही गोष्ट माहीत नसते. लग्नाची सुपारी ठरते ती माणसांवर. एकवीस माणसांची पार्टी म्हटलं की एक भाव, पंधराची म्हटलं की दुसरा. वरपक्षाला गाणी कळोत न कळोत, कोट मोजता येतात. पण एवढे वाजवणारे आणायचे कुठून? म्हणून काही वाजवणारे, आणि उरलेले नुसते कोट घालून, वाद्य तोंडाला लावून, गाल फुगवून चालणारे. त्यांना आमच्यात मुके म्हणत. कुणी शेतमजूर, कुणी हमाल. हे आमच्या भागातल्या सगळ्या बँडांत होतं आणि प्रत्येक बँडवाला शपथेवर सांगायचा की ते दुसऱ्याच्या बँडात आहे.

माझं तोंड गेल्यावर मास्तरांनी मला मुका केला. दयेपोटी केला आणि थोडा धंद्यापोटीही केला, कारण लोक सुपारी द्यायला यायचे ते दिगू गेजगेचं क्लॅरिनेट ऐकलेलं असायचं म्हणून. पुढे मी दिसायचो. मागच्या गाड्यावर आमचा बेंजोवाला माझीच गाणी वाजवायचा. कर्ण्यातून आवाज आला की तो कुणाचा हे नाचणाऱ्याला कळत नाही.

तेव्हा "मी वाजवत नव्हतो" एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता, आणि त्याचं उत्तर दिलं की मास्तरांच्या बँडची अब्रू गेली. कोर्टातली गोष्ट आमच्याकडे संध्याकाळच्या एसटीनं गावोगाव पोचते. आणि लग्नसराई तोंडावर आलेली.

मला मारलं कसं, तेही सांगायला हवं. एका लग्नाचा परण्या निघाला होता. नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेत होतो. भर दुपार. त्याच रस्त्यानं मंत्र्यांच्या गाड्या यायच्या होत्या, म्हणून बंदोबस्त लागलेला. नवीनच आलेले फौजदार पुढे आले आणि मला म्हणाले, "बंद कर." आम्ही बंद करणारच होतो. पण बँड नळासारखा बंद होत नाही. क्लॅरिनेटवाल्यानं मागं वळायचं, शेवटची ओळ घ्यायची, सूर खाली आणायचा, मग ढोल-ताशे सगळे एकदम थांबतात. नाहीतर एक इथं थांबतो, दुसरा तिथं, आणि चारचौघांत शोभा होते. आम्ही होलार. वाजवणं आमच्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं, आणि हे थांबणं माझ्या बापानं मला पाठीत छडी घालून शिकवलेलं. म्हणून फौजदार "बंद कर" म्हणाले आणि मी त्यांच्याकडे पाठ करून शेवटची ओळ वाजवायला लागलो. त्यांना वाटलं, याला मस्ती आली.

त्यांनी मला खांदा धरून फिरवलं. काठी बसली क्लॅरिनेटच्या टोकावर आणि क्लॅरिनेट माझ्या तोंडात घुसलं. वरचे चार दात खिळखिळे झाले, ओठ आतून फाटला. मग मला क्लॅरिनेटसकट ठाण्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. सरकारी दवाखान्यात ते चारही दात काढावे लागले. ओठ बधिर झाला तो आजतागायत तसाच आहे. कवळीनं भाकरी चावता येते, क्लॅरिनेट धरता येत नाही.

ठाण्याच्या कागदावर मात्र लिहिलं होतं की मी सरकारी कामात अडथळा आणला आणि पळताना पडून दात पाडून घेतले. लोक म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? मिरवणुकीची परवानगी शेवटी त्याच ठाण्यातून घ्यायची असते. माझी बायको शालन म्हणाली, "वैर माशानं क्येलंय, आपन न्हाई." तिच्यामुळं दावा लागला. भरपाई किती मागायची ते मुजावर बाईंनी ठरवलं. मला एकच हवं होतं. कोर्टानं लिहावं की हा माणूस मस्ती करत नव्हता, हा बँड थांबवत होता.

"दिगू, असं सांग," मास्तर म्हणाले. "यकडाव वाजवून बघितलं, आन् पुन्यांदा तोंड सुजलं. कुनाचं काय जातंय त्यात?"

"मास्तर, खऱ्या दाव्याला खोटं ठिगाळ लावू?"

"एवढंसं तर हाय."

"एवढंसं न्हाई. डाक्टरनं लिवून दिलंय की ह्येला वाजवता येनार न्हाई. मी यकदा खोटं बोललो की डाक्टर बी खोटा आन् तुमची साक्ष बी खोटी. मग त्यो फौजदारच खरा."

मास्तर फडक्याच्या गाठीशी खेळायला लागले. "माजं काय रं, मी कसाबी जगंन. त्यो ताशेवाला शिदा काय करंल? ढोलवाला काय करंल? लोक म्हंत्याल, तायाप्पा मुकी मानसं इकतो. एक सुपारी यायची न्हाई."

मला राग आला. दावा माझा, तोंड माझं गेलेलं, आणि एकवीस घरांच्या चुली माझ्याच डोक्यावर. मी ताडकन म्हणालो, "मग मला त्यो कोट कशाला घातलासा? म्या मागितला हुता?"

"घरात बसून तू दिसभर भितीकडं बघत हुतास म्हनून."

मास्तरांनी फडकं सोडलं आणि भाकरीचा अर्धा भाग माझ्यापुढे सरकवला. कवळीमुळे मला भाकरी कालवणात भिजवून खावी लागते. त्यांनी ती घरूनच भिजवून आणली होती. आम्ही जेवलो. मी मनाशी ठरवलं की खोटं बोलायचं नाही आणि मास्तरांचं खरंही सांगायचं नाही. या दोहोंच्या मधे उभं राहायला जागा असते, असं मला तेव्हा वाटत होतं.

दुपारी बर्गे वकिलांनी तोच प्रश्न विचारला.

"फोटूत मी वाजवत न्हवतो सायेब," मी म्हणालो. "नुसतं धरून हुबा हुतो."

"का?"

"मास्तर म्हनलं, हुबा ऱ्हा."

"आणि हजेरी मिळाली?"

"मिळाली."

"न वाजवता हजेरी देणारा मालक! माझी तिथं कुठं सोय होईल का?" पुन्हा सगळे हसले. "न वाजवणाऱ्याला बँडमध्ये का उभं करतात, हे सांगा कोर्टाला."

"त्यातलं मी जास्ती सांगनार न्हाई."

मुजावर बाईंनी कपाळाला हात लावला. बर्गे न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, वाद वाढवायचा कशाला? मी पोलीस मुख्यालयाच्या बँडमधून एक क्लॅरिनेट मागवून घेतलंय. वादीनं वाजवून दाखवावं. येत नसेल तर कळेलच."

"हरकत आहे," मुजावर बाई उठल्या. "नाही वाजलं तर हेच म्हणतील की सोंग केलं."

"सक्ती कुणीच करत नाही," न्यायाधीश म्हणाले. मग मला म्हणाले, "पण दाखवलंत तर कोर्टाला मदत होईल. तयार आहात?"

शिपायानं पेटी उघडून माझ्यापुढे ठेवली. काळंभोर, नवंकोरं क्लॅरिनेट, चांदीसारख्या चाव्या. असलं वाद्य माझ्या बापाला कधी हातात धरायला मिळालं नव्हतं. माझा हात आपोआप पुढे गेला. आणि माझ्या ध्यानात आलं की हे फार सोयीचं आहे. फुंकायचं. पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा आवाज येईल, थुंकी उडेल, माझं तोंड कसं झालंय ते साहेब डोळ्यांनी बघतील. फोटोचं कुणी विचारणार नाही, मास्तरांना काही सांगावं लागणार नाही. दाराशी उभे असलेले मास्तर माझ्याकडे बघून मान हलवत होते. वाजव, वाजव.

मी क्लॅरिनेट ओठाला लावलं.

"हं," बर्गे म्हणाले, "वाजवा आता."

मी ते खाली घेतलं आणि पेटीत ठेवलं.

"न्हाई वाजवनार."

"का? लबाडी उघडी पडेल म्हणून?"

"सायेब," मी न्यायाधीशांना म्हणालो, "ठान्यात बी मला हेच म्हनलं हुतं."

"काय म्हणाले होते?"

"वाजव म्हनून. सांजच्याला बंदुबस्त सपला, समदी च्या पीत बसली. फौजदारसायेब म्हनलं, रस्त्यावर लई जोर आला हुता न्हवं, आता हितं वाजव. म्या म्हनलं, तोंडातनं रगात येतंय. त्ये म्हनलं, पुसून वाजव. म्या पुसलं आन् वाजवलं. दोनदा वाजवलं. एकजन म्हनला, आता नाच बी. तर फौजदारच म्हनलं, ऱ्हाऊ द्या, कलाकार मानूस हाय. मग समदी हसली."

कुणी हसलं नाही. टाइप करणारा थांबला होता.

"साहेब, दाव्यात यातलं अवाक्षर नाही," बर्गे म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "हे आत्ता जोडलेलं आहे."

"खरं आहे," न्यायाधीश मला म्हणाले. "एवढी मोठी गोष्ट दाव्यात का नाही लिहिली? वकिलांना का नाही सांगितली?"

"मारलं त्ये सांगता येतंय सायेब. वाजवलं त्ये सांगता येत न्हवतं. माज्या बायकूला बी म्हाईत न्हाई."

शालन मागच्या बाकावर बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला तिच्याकडे बघवेना.

"लिहा," साहेब टाइप करणाऱ्याला म्हणाले. मग बर्गेंना म्हणाले, "आणि ते वाद्य तेवढं उचला इथून."

मग मास्तर पिंजऱ्यात गेले. बर्गेंनी त्यांनाही फोटो दिला. "यातला दिगंबर गेजगे वाजवतोय की नाही? सरळ सांगा."

मास्तरांनी फोटो डोळ्यांपासून लांब धरला. मला वाटलं, आता ते म्हणतील, आठवत नाही. म्हातारा माणूस, कुणी दोष दिला नसता.

"न्हाई सायेब. त्यो मुका हाय."

"मुका म्हणजे?"

"नुसता गाल फुगिवनारा. आमच्यात असत्यात. मी ठेवतो. गिऱ्हाइकाला एकवीस सांगतो, वाजिवनारी चौदाच असत्यात." बोलता बोलता त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "दिगूच्या शेजारचा ह्यो बी मुकाच. त्येच्या मागला, टोपी वाकडी झालीया बगा, त्यो बी. ह्यो चष्मेवाला त्येवडा वाजिवतोय, पर बेसूर."

कोर्टात असा हशा उसळला की शिपाई ओरडायला लागला. मागच्या खुर्चीवरचा एक वकील उभाच राहिला. "मास्तर, आमच्या धाकट्याच्या लग्नात किती होते हो मुके?"

"वकीलसायेब," मास्तर म्हणाले, "तुमी लई घासाघीस केली हुती. तुमच्यात धा हुते."

न्यायाधीशही हसले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मास्तरांच्या हयातभराच्या बँडचा त्या हशात निकाल लागत होता आणि ते स्वतः एकेका माणसावर बोट ठेवून तो लावत होते.

माझा निकाल लागायला पुढे दीड वर्ष गेलं. दावा मंजूर झाला, पुरता नाही. ठाण्यातलं वाजवणं दाव्यात नव्हतं म्हणून ते धरलं नाही. पण एक वाक्य साहेबांनी लिहिलं होतं, ते मी शालनकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं: वादी आदेशानुसार वाद्यवादन थांबवीत असताना त्यास मारहाण झाली. सरकार अपिलात गेलं, तिथंही ते वाक्य टिकलं. फौजदारांची बदली झाली आणि मग बढती. मास्तरांचा बँड त्या लग्नसराईत निम्मा बसून राहिला. नंतर लोक स्वतःच विचारायला लागले, मुके वजा करून किती होतील? आणि सुपारी द्यायला लागले. पण पहिली शान काही आली नाही. आता मास्तर नाहीत. मी शेळ्या पाळतो. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही, ते एक बरं आहे.

पण मला दरवेळी आठवतो तो निकालाचा दिवस नाही. साक्षीच्या दिवशी परत निघालो, तेव्हा स्टँडवर शालन पाणी भरून आणायला गेली होती आणि मी आणि मास्तर बाकावर बसलो होतो. मी म्हणालो, "मास्तर, बँड बुडवलासा तुमी."

"बुडू दे," ते म्हणाले. मग म्हणाले, "दिगू, एक इचारू का?"

"इचारा की."

"ठान्यात काय वाजवलंस?"

वकिलांनी हे विचारलं नव्हतं, साहेबांनी विचारलं नव्हतं, नंतर शालननंही कधी विचारलं नाही. हे मास्तरच विचारू शकत होते.

"पयलं आपलं लग्नातलंच कायतरी. दुसरी भैरवी."

मास्तर समोरच्या गाड्यांकडे बघत होते. "कशी झाली?"

खोटं सांगावंसं वाटलं. दिवसभर खोटं बोललो नव्हतो, एकदा चाललं असतं. पण मास्तरांशी सुराबद्दल खोटं बोलणं मला जमलं नाही.

"लई चांगली झाली मास्तर. दात हालत हुतं, रगात गिळत हुतो, आन् सूर असा लागला की माजा मलाच कळंना. तसली भैरवी माज्याकडनं कवाच झाली न्हवती."

मास्तरांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि ते रडायला लागले. येणारे-जाणारे बघत होते. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. दात गेल्याचं मला खरंच तेवढं दुःख नाही, ते कधी ना कधी सगळ्यांचेच जातात. पण माझी सगळ्यात चांगली भैरवी मास्तरांनी ऐकली नाही, शालननं ऐकली नाही, ज्या बापानं शिकवलं त्यानं ऐकली नाही. ती त्या लोकांनी ऐकली, चहा पीत.